दप्तरातला लॅपटॉप: कुठला घ्यायचा, आणि त्यातल्या फाइली कुणाच्या ताब्यात?

निकाल लागले की या सदरात कूलर आणि इन्व्हर्टरवाले प्रश्न मागे पडतात आणि लॅपटॉपवाले पुढं येतात, यंदाही तेच झालंय. "एक चांगलं मॉडेल सांगा" असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगतो, मॉडेलचं नाव मी छापत नाही, कारण अंक तुमच्या हातात पडेपर्यंत ते मॉडेल तरी गेलेलं असतं नाहीतर त्याचा भाव तरी. काय बघायचं ते सांगतो. आणि यावेळी निम्मे प्रश्न खरेदीचे नाहीतच, फाइली गेल्याचे आहेत, म्हणून जागा तिकडं जास्त दिलीय.

मुलगी अकरावी सायन्सला जाणार. बजेट ४०, ताणून ४५ हजार. सोलापुरात एक दुकानदार २८ हजारात आय७ देतोय, दुसरा नवा आय३ ३८ हजाराला म्हणतोय. आय७ मोठा ना? मग तो स्वस्त कसा काय?
– एक आई, बार्शी

ताई, आय३, आय७ ही इंटेलच्या प्रोसेसरची नावं, पण आय३ म्हणजे तिसरी आणि आय७ म्हणजे सातवी असं धरून चाललात तर फसाल. त्याच्यापुढचा लांबलचक नंबर वाचायचा. आय७-६६००यू असेल तर तो २०१५ सालचा, सहाव्या पिढीचा, आत फक्त २ कोर, म्हणजे काम करणारे दोनच मेंदू. आय३-१२१५यू असेल तर तो २०२२ चा, बाराव्या पिढीचा, आत ६ कोर. म्हणजे इथं आय३ आय७ ला आरामात मागे टाकतो. आता इंटेलनं नव्या चिप्सवरचा तो 'आय'च काढून टाकलाय, नुसतं कोअर ३, कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ असं लिहितात, त्यामुळे गोंधळ अजून वाढलाय ते वेगळं. तुमच्या त्या २८ हजारवाल्याला पूर्ण नंबर विचारा, तो "आय७ आहे हो, टॉप आहे" एवढंच म्हणत राहिला तर उत्तर मिळालं असं समजा.

एएमडीच्या रायझनमध्येही अशीच गंमत आहे. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी ठेवले तर वाटतं दहाचाच तर फरक, पण ७५२०यू मध्ये ४ कोर आणि २०१९ सालची जुनी रचना, ७५३०यू मध्ये ६ कोर आणि त्याच्या पुढची रचना. दोन्हीवर स्टिकर 'रायझन ५' हाच. ऑनलाइन सेलमध्ये भरपूर सवलत दिसते ती बऱ्याचदा पहिल्यावर असते.

पण खरं सांगू का, अकरावी-बारावीला ऑनलाइन लेक्चर, पीडीएफ, थोडं वर्ड-पॉवरपॉइंट, थोडं कोडिंग एवढंच असतं. त्याला बाराव्या किंवा पुढच्या पिढीचा आय३, नाहीतर ७५३०यू बास झाला. अडतं ते रॅमवर. ८ जीबी हा आता तळ आहे, त्याच्या खाली जाऊच नका, १६ मिळत असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन १६ घ्या. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जगभर चढलेत कारण एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी भरमसाट उचललीय, त्यामुळे "आत्ता ८ घेऊ, नंतर वाढवू" हे पूर्वीइतकं स्वस्त पडत नाही. तरी ८ घेतलीच तर एक प्रश्न दुकानात नक्की विचारा, रॅमचा स्लॉट मोकळा आहे का, की रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे? चिकटवलेली असेल तर आयुष्यभर ८ च.

स्टोरेज एसएसडीच हवी, ५१२ जीबी. घरी आल्यावर विंडोजमध्ये ४७६ दिसेल, फसवलं नाही कुणी, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं मोजतं म्हणून. ज्याच्यावर 'ईएमएमसी ६४ जीबी' लिहिलंय तो लॅपटॉप कितीही स्वस्त असो, हात लावू नका, विंडोजच्या अपडेटलाच जागा पुरत नाही. स्क्रीन १९२० बाय १०८०, आणि आयपीएस लिहिलंय का बघा. वजन दीड-पावणेदोन किलोच्या पुढं नको, रोज पाठीवर तीच नेणार आहे, आपण नाही.

डिस्काउंट म्हणून बॅग, माउस, स्पीकर देतो म्हणतील. त्याऐवजी अपघाती नुकसानीची वॉरंटी किती पैशात मिळते ते विचारा, स्क्रीन फुटली की ती आठवते. आणि बिल मुलीच्या किंवा तुमच्या नावानं, सीरियल नंबर टाकून.

कंपनीतून निघालेले जुने लॅपटॉप १८-२० हजारात मिळतात, बॉडी एकदम दणकट. घेऊ का? मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन आणायचा विचार आहे.
– बीएस्सी दुसरं वर्ष, नांदेड

घे की. माझ्या मते २० हजारात नवा भुक्कड घेण्यापेक्षा हा बरा. पण पाच मिनिटं उभ्या उभ्या तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

पहिलं, इंटेल असेल तर आठवी पिढी किंवा पुढची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी जी जादा मुदत आहे ती नोंदणी केलेल्यांना आणि तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला आठव्या पिढीच्या खालचे अधिकृतपणे चालत नाहीत. दुकानदार जुगाड करून टाकून देतो, पण पुढं मोठं अपडेट अडलं की मग तू आणि तुझं नशीब.

दुसरं, बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप कर, एक फाइल तयार होते, ती उघड. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून माग.

तिसरं फार कुणी बघत नाही. दुकानात इंटरनेट जोडून लॅपटॉप रिसेट करायला लाव. काही कंपन्यांचे लॅपटॉप त्यांच्या सिस्टिममध्ये नोंदवलेले असतात, रिसेट झाल्यावर पहिल्याच पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथल्या ईमेलनं साइन-इन करा म्हणतं. असा लॅपटॉप आज चालतो आणि पुढं कधी फॉरमॅट केला की बसतो. तसंच बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड आहे का तेही बघ. दुकानदार "रिसेट कशाला, सगळं टाकलेलंच आहे" म्हणाला तर बाजूच्या दुकानात जा, लॅमिंग्टन रोडला दुकानांची काय कमी आहे का.

चार्जर लावला की लॅपटॉपच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. नातू म्हणतो आजोबा, करंट आहे. लॅपटॉप खराब निघाला का?
– एक आजोबा, देवगड

काका, नातवाचं बरोबर आहे पण लॅपटॉपचा दोष बहुतेक नाही. चार्जरमधून थोडा गळतीचा करंट बॉडीकडे येतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अ‍ॅडाप्टर लावला असेल, तर तो तुमच्या हातातून जातो. धातूच्या बॉडीला जास्त जाणवतं. वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावायला सांगा, २-३ व्होल्टच्या आत असायला हवं. तुमच्याकडं जांभा दगड, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो, त्यात पाणी ओतून बघा आधी, कित्येकदा तेवढ्यानं भागतं. आणि पावसाळ्यात वीज कडकडायला लागली की चार्जर काढायचाच, वायफायच्या राउटरची वायर पण.

मुलीचा लॅपटॉप वर्षभर छान चालला. परवा सर्व्हिसवाल्यानं बायोस अपडेट केलं आणि आता निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. आम्ही असा काही पासवर्ड कधी टाकलाच नाही. तिचा डिप्लोमाचा पूर्ण प्रोजेक्ट आत आहे. तो म्हणतो फॉरमॅट करावा लागेल. प्लीज लवकर सांगा.
– एक वडील, कराड

दादा, सगळ्यात आधी त्याला सांगा, फॉरमॅट नको, हात लावू नकोस. फॉरमॅट केलं की विषय संपला.

झालंय असं. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन केलं की बहुतेक वेळा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे सगळ्या फाइलींना कुलूप लागतं. रोज ते कुलूप लॅपटॉपमधली एक चिप गुपचूप उघडते म्हणून तुम्हाला पत्ता लागत नाही. बायोस बदललं, बोर्ड बदललं की त्या चिपला वाटतं काहीतरी गडबड आहे, आणि ती किल्ली मागते. किल्ली म्हणजे ते ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. आणि ती किल्ली जाऊन बसलेली असते ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं पहिल्यांदा साइन-इन केलं त्या खात्यात.

आता आठवा, लॅपटॉप घेतला त्या दिवशी चालू कुणी करून दिला? माझ्याकडं अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं उत्तर एकच असतं, "दुकानातल्या पोरानं सगळं सेट करून दिलं". त्या पोरानं वेळ वाचवायला दुकानाचा नाहीतर स्वतःचा ईमेल टाकलेला असतो. तुम्ही घरी येऊन वर्षभर पिन टाकून वापरत राहिलात, आणि तुमच्या घराची किल्ली दुकानात.

तर शोधायची जागा ही. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या साइटवर जा, साइन-इन करा, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की असा भाग आहे. मुलीचं खातं, तुमचं, मोठ्या मुलाचं, एक्सबॉक्स किंवा जुन्या हॉटमेलसाठी कधी काढलेलं, सगळी बघा. निळ्या स्क्रीनवर की-आयडी लिहिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं खात्यात दिसणाऱ्या आयडीशी जुळवा, जुळलं तर तिथले ४८ आकडे टाकायचे. विंडोजच्या नव्या आवृत्तीत त्या स्क्रीनवर ईमेलचा अर्धवट भागही दिसतो, त्यावरून कुणाचं खातं ते कळतं. तुमच्या घरातलं नसेल तर बिल घेऊन त्या दुकानात जा, शांतपणे, भांडण नंतर करा. त्यांच्या खात्यात डझनभर लॅपटॉप दिसतील, की-आयडीवरून आपला ओळखायचा. कॉलेजच्या ईमेलनं जोडला असेल तर किल्ली कॉलेजच्या आयटीवाल्याकडं असू शकते.

कुठंच सापडली नाही तर मात्र मायक्रोसॉफ्टही उघडून देऊ शकत नाही. "मी की ब्रेक करून देतो, ५ हजार द्या" म्हणणारे भेटतील, देऊ नका. मग प्रोजेक्टचे तुकडे मुलीच्या मेलमधून, गाइड सरांना पाठवलेल्या प्रतीतून, ग्रुपमधल्या मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा करायचे.

ज्यांचा लॅपटॉप अजून नीट चालतोय त्यांनी आज हा अंक बाजूला ठेवून सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा आणि तिथं कुणाचा ईमेल आहे ते बघा. आपला नसेल तर आपल्या खात्यानं साइन-इन करा, मग स्टार्टमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधून किल्लीचा बॅकअप आपल्या खात्यात घ्या आणि एक प्रिंट काढून रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा. एन्क्रिप्शन बंद करून टाका असं काही जण सांगतात, मी नाही सांगणार, एसटीत बॅग राहिली तर तेच कामाला येतं. आणि नवा लॅपटॉप घेताना दुकानात सीलबंद घ्या, घरी येऊन स्वतः चालू करा, अर्धा तास जातो फक्त.

वनड्राइव्ह सारखं "स्टोरेज फुल" म्हणत होतं म्हणून बंद केलं तर डेस्कटॉप रिकामा झाला!! दोन वर्षांच्या असाइनमेंट होत्या. गेल्या का सगळ्या?
– इंजिनिअरिंग, हॉस्टेल, पुणे

घाबरू नकोस, बहुतेक जागेवरच आहेत. वनड्राइव्ह म्हणजे फाइली इंटरनेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, यूजर्स, तुझं नाव, त्यात वनड्राइव्ह, त्यात डेस्कटॉप, इथं बघ. लॅपटॉप सेट करताना विंडोजनं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर गुपचूप वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवलेले असतात, तू बंद केल्यावर मूळचा रिकामा डेस्कटॉप समोर आला एवढंच. तिथंही नसतील तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर बघ, आणि तिथून डाउनलोड करून घे आधी.

फुकट जागा ५ जीबीच आहे, इंजिनिअरिंगच्या पोराला ती कितीशी पुरणार. ती भरली की नवीन फाइल वर जातच नाही, आणि तू समजतोस बॅकअप होतोय. दुसरी गोष्ट, हे सिंक आहे, बॅकअप नाही. लॅपटॉपवर डिलीट केलीस की क्लाउडवरून पण जाते, मोबाइलवरून पण जाते. वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस असते, गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पण ३० दिवस. त्यानंतर कुणी विचारत नाही. आणि एसएसडीवरून उडालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरनं काढू म्हणशील तर विसर, जुन्या हार्डडिस्कवर जमायचं ते, एसएसडी डिलीट झालेली जागा आतून स्वतःच साफ करून टाकते.

आमचं शेवटचं वर्ष संपलं. कॉलेजचा ईमेल बंद होणार म्हणतात. ड्राइव्हमध्ये सगळं आहे.
– टीवायबीकॉम, पणजी

मग वाट कसली बघताय, गूगल टेकआउट, म्हणजे खात्यातलं सगळं बाहेर काढायची गूगलची सोय, उघडा आणि सगळं स्वतःच्या साध्या जीमेलकडं न्या नाहीतर झिप करून डाउनलोड करा. ग्रुप प्रोजेक्टची फाइल ज्यानं बनवली त्याच्या खात्याबरोबर ती जाते, बाकीच्यांना शेअर केलेली असली तरी, म्हणून प्रत्येकानं स्वतःची कॉपी काढून घ्या. याच कॉलेजच्या ईमेलवरून नोकरीच्या साइट, लिंक्डइन वगैरे काढलं असेल तर तिथं आधी ईमेल बदला. मार्कशीटचं म्हणाल तर जी डिजिलॉकरवर येते ती तिथून केव्हाही मिळते, पण ते खातं तुमच्याच मोबाइल नंबरला जोडलेलं आहे ना बघा, बाबांच्या बंद पडलेल्या सिमला नको.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि टिपणं पेनड्राइव्हवर आहेत. नव्या लॅपटॉपवर उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. काही फोल्डरांचे तर शॉर्टकट झालेत. व्हायरसनं फाइली खाल्ल्या का?
– एक गुरुजी, अकोले

सर, दोन वेगळे रोग आहेत आणि दोन्ही बरे होतात.

काला दिसतोय तो व्हायरस नव्हे, फाँट. श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव या जुन्या पद्धतीत संगणकाला मराठी कळतच नव्हती, इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असायचं. तो फाँट लॅपटॉपवर नसला की चित्र जातं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. मजकूर सगळा शाबूत आहे. जुना कॉम्प्युटर चालू असेल तर तो भंगारात द्यायच्या आधी त्यातले ते फाँट कॉपी करून नव्यात टाका, वर्डच्या फाइली लगेच दिसायला लागतील. जुन्यावरच एकेक फाइल उघडून पीडीएफ करून ठेवलीत तर अजून उत्तम, पीडीएफमध्ये फाँट आतच जातो, कुठंही उघडते. ज्यात पुढं बदल करायचेत त्या तेवढ्या युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर म्हणूनच कळतं त्या नव्या पद्धतीत, रूपांतर करून घ्या, इंटरनेटवर फुकट कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर एकदा डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. "पूर्वार्ध" चा "पूवार्ध" झालेला मुलांसमोर जायला नको.

नवीन टायपिंग युनिकोडमध्येच करा. विंडोज ११ मध्ये वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही, सेटिंग्जमध्ये लँग्वेज, तिथं मराठी जोडा, आणि कीबोर्डमध्ये मराठी फोनेटिक निवडा. इंग्रजीत 'शाळा' लिहिल्यासारखं लिहिलं की मराठी उमटतं. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

शॉर्टकटचा मात्र खरा व्हायरस. फाइली खाल्लेल्या नसतात, लपवलेल्या असतात, आणि तुम्ही त्या शॉर्टकटवर क्लिक करावं अशी त्याची इच्छा असते. करू नका. आधी डिफेंडरनं, म्हणजे विंडोजमधल्याच अँटीव्हायरसनं, पूर्ण पेनड्राइव्ह स्कॅन करा, मग एक्सप्लोररच्या व्ह्यू मध्ये लपलेल्या फाइली दाखवा हे चालू करा. तरी दिसल्या नाहीत तर सिस्टिम फाइली लपवण्याची पण एक खूण तिथं ऑप्शन्समध्ये असते, ती काढा. मग फाइली लॅपटॉपवर कॉपी करून पेनड्राइव्ह फॉरमॅट. हा पाहुणा बहुतेक झेरॉक्सच्या दुकानातून येतो, तिथं प्रिंटसाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवा ज्यात दुसरं काही नाही. आणि पंधरा वर्षांचं काम एका पेनड्राइव्हवर ठेवू नका सर, ती वस्तू ने-आण करायला बनवलीय, साठवायला नाही.

फोटोशॉपचं क्रॅक टाकलं. अँटीव्हायरस बंद करा लिहिलं होतं म्हणून केला. आता सगळ्या फाइलींना विचित्र शेपूट लागलंय, उघडत नाहीत आणि एका टेक्स्ट फाइलीत डॉलर मागितलेत. घरी सांगितलं नाही.
– बारावी, नागपूर

आधी घरी सांग. खरंच सांग, हे एकट्यानं निस्तरायचं काम नाही, आणि पैसे तर भरायचेच नाहीत, भरून फाइली मिळतीलच असं काही नसतं.

वायफाय बंद कर, जोडलेला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क काढ. याला रॅन्समवेअर म्हणतात, आणि तुझ्यासारख्या घरगुती लॅपटॉपवर क्रॅकमधून, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरमधून, येणारा सगळ्यात बदनाम प्रकार म्हणजे स्टॉप डीजेव्हीयू. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून नो मोअर रॅन्सम ही साइट उघड, युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांना बरोबर घेऊन २०१६ मध्ये सुरू केलेली. तिथं ती धमकीची चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाइल टाकली की कुठला प्रकार ते कळतं, तोडगा असेल तर फुकट मिळतो. जुन्या प्रकारांवर आहे, नव्यांवर बहुतेक नाही. तोडगा नसेल तरी बिघडलेल्या फाइली एका डिस्कवर ठेवून दे, कधीकधी वर्षा-दोन वर्षांनी निघतो. त्याच वेळी दुसऱ्या मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदल, जीमेलचा पहिला, कारण याच्याबरोबर पासवर्ड चोरणारं पिल्लू बऱ्याचदा येतं. १९३० वर किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाकायचं, नुसता स्कॅन पुरत नाही.

क्रॅकची गरजच किती असते बघ. फोटोसाठी गिंप, फोटोपी. वर्डच्या जागी लिबरऑफिस नाहीतर गूगल डॉक्स. ऑटोकॅड तर विद्यार्थ्यांना कंपनीच फुकट देते, कॉलेजचा पुरावा दाखवला की झालं. नव्या लॅपटॉपबरोबर कधीकधी ऑफिस आलेलंच असतं, मुदतीत चालू करायचं राहून जातं आणि मग पोरं अ‍ॅक्टिव्हेटर शोधत फिरतात. "अँटीव्हायरस बंद करून चालवा" हे वाक्य दिसलं की खिडकी बंद.

बॅकअप घ्या म्हणता, पण रोज कोण घेणार? आमच्या घरात दोन मुलं, दोन लॅपटॉप. आणि ऑनलाइन २ टीबीचा पेनड्राइव्ह ५९९ ला मिळाला, तो चालेल का यासाठी?
– एक आई, डोंबिवली

रोज कुणीच घेत नाही ताई, म्हणून माणसावर सोडायचंच नाही. एका बऱ्या कंपनीची १ टीबीची हार्डडिस्क घ्या, दोन्ही लॅपटॉपला पुरेल. कंट्रोल पॅनलमध्ये फाइल हिस्टरी म्हणून आहे, डिस्क जोडून ते एकदा चालू केलं की डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो आपोआप कॉपी होतात, आणि नुसती शेवटची प्रत नाही तर आधीच्या पण राहतात. म्हणजे मुलानं निबंधावर चुकून दुसरा निबंध सेव्ह केला तर मंगळवारचा काढता येतो. वर ज्याचा डेस्कटॉप हरवला त्याच्यासारखे तुमचे फोल्डर वनड्राइव्हमध्ये असतील तर मात्र आधी ते कॉपी होतायत ना याची खात्री करा. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी वगैरे, डिस्क दोन्हीला तास-तासभर लावायची आणि झालं की काढून कपाटात. काढायची, हे महत्त्वाचं, कारण लावून ठेवली तर नागपूरच्या पोरासारखा प्रकार झाल्यावर ती पण जाते.

जुना नियम आहे ३-२-१ चा, तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. लॅपटॉप ही एक, कपाटातली डिस्क दुसरी, आणि घराबाहेरची म्हणजे क्लाउड. गूगलचे १५ जीबी फुकट असतात पण ते जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून, फोटोंनी भरून गेले की मेल यायचे पण थांबतात. म्हणून वर फक्त अभ्यासाचं आणि कागदपत्रं ठेवा, लग्नाचे व्हिडिओ डिस्कवर. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच फाइल पाठवून ठेवणं ही प्रत धरू नका, मोबाइलवरून उडाली की काही दिवसांनी ती परत डाउनलोड होत नाही. महिन्यातून एकदा कपाटातल्या डिस्कवरची कुठलीही एक फाइल उघडून बघा, उघडली तर बॅकअप आहे.

आता ५९९ चा २ टीबी. नाही हो, त्या भावात तेवढी मेमरी येतच नाही. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि तिला "मी २ टीबी" असं बोलायला शिकवलेलं असतं. विंडोजला २ टीबी दिसतात, फाइली कॉपी झाल्याही दिसतात, नावं पण दिसतात, पण खरी जागा संपल्यानंतर टाकलेलं काहीच आत नसतं, उघडायला गेलं की करप्ट. खात्री करायची असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरतं आणि परत वाचून खरी जागा किती ते सांगतं, मात्र बराच वेळ लावून ठेवावं लागतं. त्याच्या निकालाचा फोटो काढा, रिटर्नची मुदत संपायच्या आत परत पाठवा, आणि तोवर त्यात मुलांचं काहीही टाकू नका.